इस्तरीनं मोडलेल्या चुण्या

८ मार्च १९९९, टेंभुर्णी
सुनंदा मुंबईहून आली. कपड्यांच्या डिझाइनचं शेवटचं वरीस. परीक्षेचा झगा संगं आणलाय, काठाची हातशिलाई इथं निवांत करते म्हणे. येत्या सोमवारी परीक्षक बघणार. पस्तीस वर्षं शिलाई मशीनवर बसलोय, पण असला कपडा बघितला न्हाई. डावी बाजू फुगीर, उजवी चपटी, अंगाला कुठं चिकटतच न्हाई. "बाबा, जपानी पद्धत आहे. अंग आणि कापड यांच्यात मोकळी जागा ठेवायची." म्हणलं, मंग माप कशाला घ्यायचं? हसली.

१० मार्च
घात केला मी. सु. तिच्या मावशीकडं गेल्ती. झगा चुरगळलेला दिसला. वाटलं, एसटीत बोळा झाला. पाणी शिंपडून कडक इस्तरी मारली, खुंटीला लावला. पोरगी आली, बघितलं, खालीच बसली. त्या चुण्या होत्या. तीन आठवडे बोटांनी घातलेल्या. त्यांच्यावरच झगा उभा राहत होता. ओरडली असती तर बरं झालं असतं.

११ मार्च
बायकोनं तोंड सोडलं, "विचारायला काय जीभ झडली होती?" बराबर आहे.
दुपारी शेजारच्या खैरुनबी ब्लाउज न्यायला आल्या. सत्तरीच्या. झगा हातात धरून म्हणाल्या, "इत्ता क्या रोना? शादी के दुपट्टों में हम हातों से चुन्नट डालते थे. कांजी बनाओ." सु.नं डोळे पुसले, कापड ताठ ऱ्हावं म्हणून भाताच्या पेजेची खळ करायला घेतली.

१२ मार्च
दोघी दिवसभर अंगणात. खैरुनबींनी कांजीत भिजवलेल्या कापडाचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं, बोटांनी चुण्या घालत गेल्या. पीळ देऊन, सुतळीनं बांधून सावलीला टाकलं. मी जवळ गेलो की दोघी लांब व्हा म्हणायच्या.

१३ मार्च
सुतळी सोडली. झगा उभा राह्यला! डावी बाजू थोडी वर चढली, चुण्या आधीपेक्षा बारीक. सु. म्हणाली, "हे जास्त चांगलं झालं." माझ्यासाठी म्हणली का खरंच, कोण जाणे. पण दोन भाकरी जास्त खाल्ल्या मी.
झग्याच्या खोक्यावर तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं: इस्तरी करू नये. लिहिताना माझ्याकडं बघत होती, बदमाश.

१६ मार्च
किराणा दुकानात तिचा मुंबईहून फोन आल्ता. परीक्षकांनी विचारलं, ह्या चुण्या कुठं शिकलीस? "टेंभुर्णीला," म्हणली. निकाल महिन्यानं. पास-नापास तिचं ती बघंल, माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.
मंग म्हणली, "बाबा, पुढचा झगा तुम्ही कापाल? एक बाही वीतभर मोठी पाह्यजे." लगेच हो म्हणलो.
संध्याकाळी कापड अंथरलं. खडू तीनदा पुसला. हात दोन्ही बाह्या सारख्याच काढतोय.