उचलायचं नाही

३ फेब्रुवारी

सर्जननी एक्स-रेचा फोटो उजेडात धरला. "कूर्चा संपलीय. हाडावर हाड घासतंय. खुब्याचा सांधा बदलावा लागेल." आणि मग तीन महिने वाकायचं नाही, उचलायचं नाही. "घरी कोण असतं?" मी आणि हे, म्हटलं. "मग काय, साहेब बघतील तुमच्याकडे!"

हसूच आलं. साहेबांना पलंगावरून खुर्चीत मी ठेवते, खुर्चीवरून संडासात मी नेते, रात्री कूस मी बदलते. अर्धांगाचा झटका येऊन तीन वर्षं झाली. डावी बाजू गेली, वाचा गेली, उरला एकच शब्द – "बरं". उभ्या संसारात ज्यांनी माझी एक गोष्ट बरं म्हणून ऐकली नाही, ते आता सगळ्याला बरं म्हणतात!

हे सर्जनना सांगितलं नाही. विचार करून कळवते म्हटलं आणि कठडा धरून जिना उतरले.

४ फेब्रुवारी

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, म्हणतात. आमचा जावई विमा विकतो. तेवढंच नशीब.

७ फेब्रुवारी

लेकीचा फोन. "आई, तीन महिने बाबांना कुठेतरी ठेव ना." ठेव! ट्रंक आहेत का ते? तिच्या गावात चांगलं शुश्रूषा केंद्र आहे म्हणे. मी म्हटलं, असल्या ठिकाणी गेलेलं माणूस परत आलेलं मी पाहिलेलं नाही. "आणि तू पडलीस तर दोघांना कोण बघणार?" मी फोन आपटला. खरं बोलली म्हणून जास्त राग आला.

हे ऐकत होते. "बरं," म्हणाले. कशाला बरं?

१२ फेब्रुवारी

मुख्याध्यापिकाबाई दुकानात कोटाच्या ट्रायलला आल्या होत्या. मी कटिंगच्या टेबलाशी डाव्या पायावर भार देऊन उभी, ते त्यांनी बरोबर हेरलं. त्यांच्या दिरांनी म्हणे इंजेक्शन घेतलं, स्टेम सेलचं. आपल्याच हाडातला मगज काढतात, त्यातल्या मूळपेशी सांध्यात सोडतात, नवी कूर्चा धरते. "कापाकापी नाही काही नाही. संध्याकाळी घरी!"

संध्याकाळी घरी. पुढचं मी ऐकलंच नाही. खडूची रेघ पार वाकडी गेली.

१८ फेब्रुवारी

क्लिनिकला जाऊन आले. मऊ सोफे, माशांची पेटी, कसलासा सुगंध. दवाखान्याचा वास म्हणून नाही! डॉक्टर तरुण. कापड भारी, पण बाह्या बोटभर लांब – शिंप्याने की बायकोने, कुणीतरी सांगायला हवं होतं. मला चालायला लावलं. "अरे वा, दोन्ही पाय सारखे! अगदी सुरुवातीची केस आहे तुमची. सुईवर काम होईल."

उजवा पाय केव्हाच आखूड झालाय. बुटात जाड तळ घालते आणि पॅन्ट कंबरेला अशी बेतते की कुणाला ओळखू येऊ नये. लोकांचे उतरलेले खांदे, सुटलेली पोटं झाकण्यात जन्म गेला, स्वतःचा एक पाय झाकायला काय वेळ लागतो? त्यांनी बूटसुद्धा काढायला सांगितले नाहीत. ते मला तिथेच कळलं. आणि तरी कानाला गोड लागलं! माझंच शिवलेलं खोटं आणि पटलं ते मलाच.

१९ फेब्रुवारी

सर्जनना फोन केला. म्हणाले, याचा पक्का पुरावा अजून कुणाकडे नाही. आणि तुमच्या सांध्यात उरलंयच काय, ज्यावर नवी कूर्चा धरेल? मी म्हटलं, तुमचा धंदाच कापायचा, तुम्ही दुसरं काय सांगणार!

फोन ठेवल्यावर आठवलं – माझा तरी धंदा कोणता?

२ मार्च

घेतलं. मागच्या हाडात सुई घातली तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले. दिवसभर यांच्यापाशी वरच्या मजल्यावरची रेडिओबाई बसली होती. तिला आम्ही ते नाव उगाच दिलेलं नाही. हे दमलेले दिसत होते बिचारे.

विश्रांती घ्या म्हणालेत. यांना कूस बदलून कोण देणार? दिली.

६ मार्च

दुखत नाही! जिना कठडा न धरता चढले! दुकानात शिलाईवाली म्हणाली, "ताई, आज गुणगुणताय?" बाईंच्या कोटाला रेशमी अस्तर लावणार, माझ्यातर्फे. सर्जनना फोन करून सांगावंसं वाटतंय. लेकीलाही. बघा म्हणावं.

२१ मार्च

परत सुरू झालं.

४ एप्रिल

पडलो. संडासाच्या दारात, यांना वळवताना खुब्यात अशी काही कळ आली की पायच गेला. मी खाली, हे माझ्यावर. ओल्या फरशीवर तसेच पडून राहिलो. हाका मारल्या. एरवी जिन्यात पाऊल वाजलं तरी डोकावणारी रेडिओबाई आजच नेमकी बाहेर!

मग मी रडायला लागले. मोठ्याने. "थकले हो मी. मला नाही जमत आता." उजव्या हाताने माझे केस मागे सारत होते. "बरं," म्हणाले. "बरं, बरं."

रेडिओबाई आली तेव्हा दोघांचेही कपडे भिजलेले. पहिल्यांदाच ती काही बोलली नाही.

५ एप्रिल

क्लिनिकला फोन केला. "पहिल्या इंजेक्शनने पाया घातला गेलाय, आणखी दोन घ्यावी लागतील." मी म्हटलं, पाया नाही हो, पायच गेला. फोनवरची मुलगी हसली. पुढची तारीख विचारू लागली.

बुडत्याला काडीचा आधार खरा, पण काडी विकायला बसलेली माणसं पाहिली या वयात.

७ एप्रिल

लेकीला हो म्हटलं, सर्जननाही. तिने "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं म्हटलं नाही. गुणी आहे.

१५ एप्रिल

सोडून आले. खोली स्वच्छ. खिडकी आहे, बाहेर भिंत. सगळं सिस्टरला सांगितलं – पाठीखाली उशी कशी द्यायची, काखेत हात घालून कसं उचलायचं. ती मान डोलवत होती, ऐकत होती की नाही कोण जाणे. निघताना यांची कॉलर सारखी केली. हे माझ्याकडे बघत राहिले. बरं म्हणाले नाहीत.

माणूस टाकून आले, दुसरं काय? भूल दिल्यावर परत जाग नाही आली तरी चालेल, असं वाटतंय.

२९ एप्रिल

जाग आली.

१२ जून

लेकीबरोबर केंद्रात गेले, वॉकर घेऊन. वाटलं होतं, वाळून कोळ झाले असतील. हे खुर्चीत, दाराकडे पाठ. सिस्टर म्हणाली, "आजोबा, बघा कोण आलंय. उठा."

उजवा हात भिंतीला बसवलेल्या गजावर. मान लालबुंद. थरथरत – उठले. उभे राहिले! किती उंच आहेत, विसरलेच होते मी. लेक टाळ्या वाजवत रडत होती.

मी विचारलं, हे कसं केलंत? "इथे आम्ही कुणाला उचलत नाही," सिस्टर म्हणाली. "उठा म्हणून सांगतो. वेळ लागतो, पण उठतात."

तीन वर्षांत मी त्यांना एकदाही उठा म्हटलं नव्हतं.