प्रार्थनेचा विषय

गुरु. ६ फेब्रु.
नाताळपासून वही उघडायची उघडायची म्हणतोय. आधी पेन न्हवतं. पेन मिळालं तर एका मांडववाल्याबरोबर हिंडत गेलो. आता येडशीत आत्याकडं मुक्काम. आज मात्र लिहितो, कालपासून घरात कुणी कुणाशी बोलंना.

परवा जेवताना आत्यानं विचारलं, "सुभाषला हल्ली घरी यायला उशीर का होतो रं?" सुभाषदादा तिचा पोरगा, गल्लीच्या टोकाला वेगळा राहतो, तेरखेड्यात फटाक्याच्या कामाला. मी म्हणालो, "सुटला की तिथंच बसतो." जीप भरल्याशिवाय हलत न्हाय, तोवर पंक्चरच्या दुकानासमोर बाकावर बसतो. मीबी बसलोय त्याच्यासंगं. पण भाकरी गरम होती, पुढचं सांगायचं राहिलं. आत्यानं 'बसतो' म्हणजे ते दुसरं बसणं धरलं, ग्लास घेऊन.

काल घरात प्रार्थना. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "कुणाचे काही विषय?" आत्या रडतच उठली. "माझ्या सुभाषसाठी प्रार्थना करा. रोज पितोय." सगळ्यांनी डोळे मिटले. रूथवहिनी, दादाची बायको, पोरीला मांडीवर घेऊन दाराशी. तिचे उघडेच.

शुक्र. ७
वहिनी पोरीला घेऊन मुरुमला माहेरी गेली. दादा म्हणाला, "तोंडाचा वास घे म्हणालो. जवळ आली न्हाय." आत्यानं चहा पाठवला तर कप तसाच परत.

वहिनीला फोन लावला. बाक, जीप, पंक्चर, सगळं सांगितलं. "भावजी, तुमी त्यांचीच बाजू घेणार. आई आपल्या पोराबद्दल, तीबी प्रार्थनेत, खोटं कशाला बोलंल?" फोन कट.

रवि. ९
उपदेश चहाडीवर. पाळकसाहेबांना कुणी सांगितलं म्हायीत न्हाय, मी न्हाय. शास्त्र म्हणतं, भावाचं चुकलं वाटलं तर आधी त्याच्याकडं एकट्यानं जा, चारचौघांत नंतर. जीभ एवढीशी, पण ठिणगीसारखी, अख्खं रान पेटवते. ठिणगीचं ऐकून फटाक्याच्या कामावरचा आमचा दादा खाली बघायला लागला. आत्या माझ्या कानात, "लई बरं बोलले. काही काही लोकांला लागू पडतंय."

सोम. १०
आत्याशी एकट्यानं बोलायचं ठरवून बाजारातून घराकडं निघालो. वाटेत रामलिंगच्या देवळाकडं जाणारी पोरं भेटली, त्यांच्यासंगं गेलो. वानरानं माझी भेळ नेली. संध्याकाळी परत. आत्या झोपलेली. मी पण काय माणूस.

मंगळ. ११
बोललो. ती तांदूळ निवडत होती.
"म्या चहाडी केली? म्या तर गुडघं टेकलं!"
"आत्या, देवाला सांगितलंस, पण ऐकलं सगळ्या गल्लीनं."
"मग मनातल्या मनात सांगायचं व्हय?"
"आधी दादाला विचारायचं. एकदा."
बाकाचं सांगितलं तेव्हा हात थांबले. मग, "मग नीट बोलायचं की रं मुडद्या. बसतो म्हणं!" तेही खरं. दोघांचं मिळून झालं हे. पण मी बोललो एकीला, ती बोलली वीस जणांत.

बुध. १२
आज प्रार्थनेत आत्या पुन्हा उठली. या वेळी रडली न्हाय. "मागल्या बुधवारी म्या पोराबद्दल बोलले ते मला म्हायीत न्हवतं. विचारलंबी न्हवतं. खोटं होतं ते." मागून एक बाई हळूच, "आईचं काळीज आहे हो, पोराला झाकणारच." झाली का पंचाईत! वाईट होतं तेव्हा लगेच पटलं, बरं सांगितलं तर झाकाझाकी.

दादा आला होता, चपलांपाशी उभा. आत्या त्याच्याकडं गेली, सगळ्यांदेखत. "चुकलं माझं." तो, "माझं सोड आई. रूथला कोण सांगणार?" पण जेवायला थांबला. पाच दिवसांनी तिच्या हातची भाकरी. दोघं एकाच ताटाकडं बघत होती. मी इकडं कोपऱ्यात लिहीत बसलो.

गाडी थांबली वाटतं बाहेर. आत्या म्हणते, बघ रं कोण. बघितलं. मुरुमहून वहिनीचे वडील, लग्नानंतर कधी इकडं न आलेले. कडेवर पोरगी. वहिनी न्हाय. जावयाला न्हाय, आत्याला विचारतायत, "येऊ का आत? तुमालाच विचारायला आलोय, एकदा."