आधी तेल, मग किल्ली

किल्ली मी त्याच्या हातावर ठेवली आहे आणि तो तुमच्या मोटरसायकलला किक मारतोय, बाबा. तिसऱ्या किकला गाडी चालू होते. पडवीत निळा धूर पसरतो, तुम्ही ड्यूटीला निघताना पसरायचा तसा. मी अजून तेलाचं बोललेले नाही.

गाडी विकत घेणारा तो मुरबाडचा, भातगिरणीवाला, जुन्या जपानी गाड्यांचा नादी. वाकून बाजूची तेलाची टाकी बघतो. काचेत तेल वरपर्यंत दिसतं. "एकदम ओरिजनल हाय ताई. किन्हवलीला पेट्रोल फुल करतो, मग एका दमात घर." गाडी म्हशाच्या जत्रेला न्यायची आणि मेव्हण्याचं पडलेलं तोंड बघायचं, असा त्याचा बेत आहे.

टू-स्ट्रोक गाडीला पेट्रोलसोबत तेल लागतं, पण त्या टाकीतलं तेल इंजिनात जात नाही, हे तुम्ही गेल्यावर फक्त आईला, मला आणि मिस्त्रीला ठाऊक. कसाऱ्याच्या उतारावर तुमच्या सोबत्याच्या गाडीचा तेल इंजिनात नेणारा पंप बंद पडला, इंजिन जाम झालं, मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि तो फरफटत गेला. त्यानंतर तुम्ही आपल्या गाडीचा पंपच काढून टाकलात. पेट्रोल भरताना स्वयंपाकघरातला स्टीलचा पेला भरून तेल हाताने पेट्रोलच्या टाकीत ओतायचं, मग गाडी दोन्ही बाजूंना हलवायची. पेल्याचा वास काही केल्या जाईना. आईने तो परत घेतला नाही. गाडी नवी करून घेताना मी मिस्त्रीला हे बदलू दिलं नाही. बाजूची टाकी त्याने नुसती शोभेला भरली.

एकदा तेलाचं न सांगताच मी मामाला गाडी दिली होती. तुम्ही दाढी करत होतात. आवाज ऐकून बनियनवर, तोंडाला साबण तसाच, ओढ्यापर्यंत धावलात. परत आलात तेव्हा साबण वाळला होता. "आधी तेल सांगायचं गो, मग किल्ली द्यायची. किल्ली हातात पडली की माणूस ऐकत नाय."

गिरणीवाला गाडी घेऊन निघाला. वळणावरून आवाज आला, मग तोही थांबला. मला आता किक मारवत नाही आणि उभी गाडी आतून सुकते, म्हणून विकली. हे कारण खरं आहे.

आई दारात उभी. "सांगितलंस ना त्याला?"

मी फोन शोधू लागले.

"अगो, पडला तो तर झोप लागंल का तुला?"

मी फोन लावला. त्याने उचलला नाही. मग पेला घेतला, तेलाची बाटली घेतली आणि स्कूटी काढली. टाकीत उरलेल्या पेट्रोलात तेल होतं, तरी किन्हवलीपर्यंत प्रत्येक उताराला रस्त्याच्या कडेला बघत गेले. एका वळणावर माणसं जमली होती. स्कूटी थांबवून पाहिलं. शेळी गेली होती कुणाची तरी.

तो पेट्रोल पंपावर टाकीचं झाकण लावत होता. मी ओरडले, तसा दचकला. सगळं सांगितलं. पेला भरला, ओतला, दोघांनी मिळून गाडी हलवली.

"आणि ही काचेतली टाकी?"

"शोभेची."

त्याने काचेवर बोट वाजवून पाहिलं. "मग घरीच का नाय बोललात ताई?" आणि मग हसून, "बायको म्हणंल, तू गाडी आणलीस का सासू?"

पेला मी त्याला दिला. त्याने तो जॅकेटच्या आत ठेवला.

हे मी कुठे पाठवणार नाही, म्हणून लिहिते. त्याला म्हणाले, गडबडीत विसरले. विसरले नव्हते. किल्ली देताना तेलाचं बोलणं माझ्या ओठांवर होतं. गाडी अर्ध्या वाटेत अडेल, तो चिडून परत आणून टाकेल, एवढंच मनात आलं. त्याचं काय होईल ते आईने विचारेपर्यंत आलं नाही.

सकाळी मी त्याला फोन केला. तो म्हणाला, पोचलो ताई, कालच. मी विचारलं, तेल टाकलंत? तो म्हणाला, काचेतली टाकी अजून भरलेलीच आहे.