बरातीच्या तराफ्याचा वेग

२ फेब्रुवारी
बाबा लग्नाला हो म्हणाले! राघव टहरौली गावचा, बुंदेली, आम्ही मराठी, तरी हो. अट एकच: अकराचा मुहूर्त टळता कामा नये. "त्यांच्या बराती नाचत बसतात, गुरुजी ताटकळतात. असलं चालणार नाही." रेल्वेत गार्ड होते, घरातही हिरवी झेंडी त्यांचीच.
राघवचं खूळ: बरात आमच्या दारच्या तलावातून आणायची, मी बांधतेय त्या तराफ्यावरून. मला आनंदाच्या उकळ्या फुटतायत.

५ फेब्रु.
तराफा पाण्यात! खाली पिंपं, वर फळ्या, मागे पाण्यात पंख्याच्या दोन विजेच्या मोटरी. काठावर दोन काठ्या रोवून वेग मोजला. गोगलगाय.
बाबा: "मोटरी दुप्पट कर, वेग दुप्पट."
अहो बाबा, हे रूळ नव्हेत. वेग वाढला की पाणी त्याहून जास्त अडवतं. मी म्हटलं, दीडपटसुद्धा होणार नाही. पैज. हरेल त्याने सीपरी बाजारातून जिलबी.

७ फेब्रु.
चार मोटरी. दीडपट नाहीच! जिलबी गरमागरम होती. निम्मी बाबांनीच खाल्ली.

९ फेब्रु.
बरातीच्या वजनाची वाळूची पोती सगळीकडे सारखी पसरली. तरी वीसेक मिनिटांत पलीकडे. साडेदहाला निघाले तरी चालेल. बाबा खूष.

१२ फेब्रु.
सत्यानाश! आज पोत्यांऐवजी माणसं. ढोल वाजला मात्र, राघवचे फूफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, आणि सगळी मंडळी नवरदेवाच्या पुढे नाचायला! तराफ्याचं नाक पाण्यात, मागच्या मोटरी वर, पंखे हवेत नुसतेच घुरघुरतायत.
"फूफाजी, अपनी जगह खड़े रहिए ना!"
"अरी बिटिया, बरात में कोऊ ठाड़ो रहत का?"
खरंच, बरातीत उभं कोण राहतं? पोती नाचत नाहीत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पोट धरधरून हसले. मग अकराचा मुहूर्त आठवला.

१३ फेब्रु.
तोड: ढोलवाला मागे, मोटरींपाशी. निम्मे तरी त्याच्याभोवती नाचतील. बाबांना सांगितलं. ते घड्याळाला किल्ली देत राहिले.

१५ फेब्रु., सकाळ
गौरीहर पुजून झाला. खिडकीशी बसून लिहितेय, आई ओरडतेय. तराफा उशिरा सुटलाय. ढोल मागे, पण फूफाजी पुढेच! अंदाज: पोचतील अकराच्या आसपास. आसपासच.
गुरुजी घड्याळ बघतायत. बाबा घाटाच्या पायरीवर एकटे उभे.
अगंबाई! बाबा उपरणं फिरवून व्याह्यांना हाक मारतायत, "समधीजी, नाचते-नाचते आइए!" आणि स्वतःच नाचायला लागले. माझे बाबा! मी रडतेय की हसतेय, कळत नाही.
अजून अर्धा तलाव बाकी आहे.