उलट्या खांबावरचा पंजा

आई, आपल्या डोंबिवलीच्या घराचे वासे काल उतरवले. मग आढं निघालं, तुळई निघाली आणि माजघरातला तो सागवानी खांब अंगणात आडवा पडला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मला आधी तुझाच दटावणीचा आवाज ऐकू आला, "त्याला बोट दाखवू नकोस गं!"

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. बाबांनी कल्याणच्या एका पाडलेल्या घराचं लाकूड आणून हे घर उभं केलं. कौलं चढली, आपण राहायला आलो, आणि तुला तुळईखाली, खांबाच्या अगदी वरच्या टोकाशी, हळदीचा पंजा दिसला. लहान मुलाचा, बोटं खाली केलेला. म्हणजे जुन्या घरात तो खाली बुडाशी, बोटं वर असा उमटलेला. झाडाचं बूड खाली आणि शेंडा वर, असाच खांब उभा करतात. आपल्या सुतारानं हा उलटा केला होता. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, इथे तर खांबच फिरलेला. माझ्यामागची दोन बाळं तुझी गेली होती आणि तिसऱ्याचे दिवस भरत आले होते. "अहो, हा काढा. उलट्या खांबाच्या घरात मूल टिकत नाही." बाबा ठाण्याच्या कचेरीतून दमून आलेले. "अगं, ह्याच्या जिवावर तुळई, तुळईच्या जिवावर आढं, आढ्याच्या जिवावर वासे. सगळं छप्पर उतरवू का? पाऊस तोंडावर आलाय."

मग रोज दुपारी सामसूम झाली की तू पोट सांभाळत स्टुलावर चढायचीस, तो पंजा आपल्या हातानं झाकायचीस आणि म्हणायचीस, "ये बाळा, सावकाश उतर." मी दाराआड उभी असायचे. मला तेव्हा तुझी भीती वाटायची, आई.

भाऊ झाला आणि टिकला. पाळण्यातून तो टक लावून तुळईकडे बघायचा, खुदकन हसायचा. बाबा म्हणायचे, "पोरं आढ्याकडे बघतातच." मग एका सकाळी तू स्वयंपाकघरात तांदूळ निवडत असताना तो रांगत आला. उजवा तळवा पिवळाजर्द. हळदीचा डबा तर वरच्या फळीवर, झाकण घट्ट. मी माजघरात धावले. खांब कोरा होता. तू पदरानं त्याचा हात पुसलास, "बाबांना सांगायचं नाही," म्हणालीस आणि पुन्हा तांदूळ निवडू लागलीस.

भाऊ गेल्या महिन्यात गेला. नातवंडं खेळवून गेला, त्याचं सोनं झालं म्हणतात सगळे. मला अजून रडू आवरत नाही. काल त्या आडव्या खांबाजवळ गेले, तर पंजा परत आला होता, जागच्या जागी. मी त्यावर हात ठेवला. लाकूड कोमट होतं.

जुनं लाकूड घेणारा कोपर गावचा माणूस म्हणाला, "मावशी, ह्याची खालची बाजू कुठली? गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं. तुम्हाला माहितीये ना, मग खडूनं लिहून टाका." कुठल्या तरी घरात कुणी बाई तुझ्यासारखी बाळाची वाट बघत असेल, एवढंच माझ्या मनात आलं. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून सांगते. बूड कुठलं ते मला पक्कं ठाऊक होतं. मी खडू घेतला आणि शेंड्यावर 'बूड' लिहिलं.