स्वेटरांखालची सुरी

प्रिय चिमणे,

तुझा जन्मदाता, कात्री-सुऱ्यांस धार लावण्याच्या शास्त्राचा अठ्ठावीस वर्षांचा निष्ठावान उपासक, आज प्रथमच स्वतःच्या विद्वत्तेविषयी साशंक आहे. तुझ्या मातोश्रींस ती शंका लग्नापासूनच आहे; त्यांच्या मते अक्कलवाटपाच्या दिवशी मी धारेच्या चाकावर बसून राहिलो.

तुला वसतिगृहात सोडायला आलो, तेव्हा फाटकाबाहेर झिंगून हमरीतुमरीवर आलेले विद्यार्थी पाहून माझे पितृहृदय विदीर्ण झाले. सरळ सांगायचे तर मी टरकलो. तत्काळ खिशातली घडीची सुरी काढून कागदाची केसाएवढी चीर कापून दाखवली आणि तुझ्या हाती ठेवली. बाबा, मी शिकायला चाललेय की लढायला, हा तुझा प्रश्न मी पित्याच्या विशेषाधिकारात निकाली काढला. तू ती खोलीतल्या कपाटात, स्वेटरांखाली सरकवलीस.

पुढचे वृत्त तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीच्या आईने फोनवर रडत-रडत कथन केले. तुझ्या फोनवर तर सगळे ‘मस्त’च असते. मंगळवारी संध्याकाळी तीच मैत्रीण दारूसोबत कसल्याशा गोळ्या घेऊन निपचित पडली. बाकीच्या म्हणाल्या, दार लावा, झोपली की उतरेल. रेक्टरबाईंना कळलं तर खोल्यांची झडती होईल. तुझ्या कपाटात काय आहे, हे तुला पक्के ठाऊक होते. तरीही तू तिला कुशीवर वळवलेस आणि धावत जाऊन रेक्टरबाईंचेच दार बडवलेस. मुलगी वाचली. झडती झाली. सुरी सापडली. आणि माझी सत्यवचनी कन्या म्हणाली, ‘ती मीच बाजारातून आणली.’

तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकास तुझे चरित्र साद्यंत श्रवण करावे लागते. शिंपीकाका काल तिसऱ्या पारायणाच्या आरंभीच कात्री विसरून पसार झाले. इतक्या सुऱ्यांना धार लावली, परंतु छाती अशी कधी फुगली नव्हती.

तथापि ते बाजाराचे असत्य तुला शोभत नाही आणि मला पचत नाही. आज अकरा वाजता चौकशी समिती तुला ठेवायचे की काढायचे ते ठरवणार, हे मला समजले आहे. हे पत्र मी तुला समितीच्याच दाराबाहेर देत आहे, कारण तोंडी सांगितले तर तू मला आत येऊ देणार नाहीस. वाचून होताच मान वर कर; मी समोरच्या बाकावर आहे. विशेषणे घरी ठेवली आहेत. आत बोलायचे तेवढे आरशासमोर पाठ केले आहे : सुरी मी दिली, कारण मी घाबरलो होतो; माझी मुलगी घाबरली नाही.

चल, आधी मी आत जातो.

आज ताठ मानेने मिरवणारा, तुझाच
बाबा