बिळाच्या तोंडाशी कोट

ओबरहोल्झ, मंगळवार, १८ ऑक्टोबर १९८३

प्रिय अलॉइस,

तू बरा असशील. मीही बरी आहे. सफरचंदं उतरवून झाली, गुडघा थंडीत कुरकुरतो, बाकी तक्रार नाही. दीड वर्षानं बहिणीचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस, आणि क्षमा मागायला लिहितेय असंही समजू नकोस.

झेन्झी रविवारपासून नाहीशी झाली आहे.

मी कुणावर आळ घेत नाही. पण रविवारी दिवेलागणीला तुझी हिरवी जीप आमच्या रानाच्या कडेला उभी होती, आणि काल सकाळीही. शेजारच्या थेक्लानं पाहिली, आणि तिच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही. "तुझ्या भावाचं इकडं काय काम गं? त्याचं शिकारीचं रान तर नदीपलीकडं," म्हणाली. आता तूच सांग, काय काम?

वेंडेलिनला पुरून आलो, त्या जेवणात सूप निवायच्या आत तू म्हणाला होतास, "झेन्झी मला दे, बुर्गी. शिकारी जातीची कुत्री आहे ती. उशीवर बसवून लठ्ठ करशील आणि मारशील." नवरा जमिनीत जाऊन तास झाला नव्हता. ते मी विसरलेले नाही.

तर तुझ्याकडे असेलच, तर एवढं ऐक. तिला जिना चढू देऊ नकोस. डॅशहुंडाचा कणा लांब आणि पाय बोटभर. एक वेडीवाकडी उडी आणि मागचे पाय कायमचे जातात. वेंडेलिननं सोफ्याला फळीचा उतार केला होता, तसा कर. जीपमधून उतरवताना एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. कानांत ओल राहते, ते आठवड्याला पुसायचे. आणि कलेजीचं सॉसेज अजिबात नाही, डोळे कितीही केविलवाणे केले तरी.

थेक्ला म्हणते, बिज्जूनं जमिनीखाली पोखरलेल्या बिळात शिरली असेल. मला नाही वाटत. नऊ वर्षांची म्हातारी, दीड वर्ष रान पाहिलं नाही, ती कशाला शिरेल?

गुरुवार, २० ऑक्टोबर

वरचं फाडणार होते. नाही फाडलं. मी तुला काय समजत होते, ते तू माझ्याच अक्षरात वाचावंस.

काल सकाळी तुला रंगेहाथ पकडायला म्हणून रानाच्या कडेला आले होते. जीपच्या काचेला नाक लावून सीटवर तिचे केस शोधले. मग वर बीचच्या झाडांत तू दिसलास, नुसत्या स्वेटरवर, ओठांवर बोट ठेवून. बिळाच्या तोंडाशी तुझा कोट, आणि त्यावर चिखलाचा गोळा होऊन झोपलेली झेन्झी. झेन्झी बिळात अडकली असेल, असं थेक्लाचा नवरा रविवारी गुत्त्यात बोलला आणि तू तसाच निघालास, हे मला आज कळलं.

तू विचारलंस, "वेंडेलिनचा कोट का नाही टाकलास, बुर्गी? पहिल्याच दिवशी वर आली असती."

मी म्हटलं, सुचलं नाही. खोटं बोलले.

रविवारी मीच तिला त्या बिळाशी नेलं होतं. मीच पट्टा सोडला. तुझं ते उशीचं बोलणं दीड वर्ष टोचत होतं, ती अजून शिकारी आहे हे दाखवायचं होतं. जमिनीखालून दोनदा भुंकली आणि मग गप्प झाली. कुत्रं रानात राहिलं तर त्याच्या माणसाचा कोट तिथं टाकून यावा, ते वर येऊन त्यावर वाट बघतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. घरी येऊन मी वेंडेलिनचा कोट खुंटीवरून काढला. फाटकापर्यंत गेले. पाऊस भुरभुरत होता. कॉलरला नाक लावलं, अजून त्याच्या तंबाखूचा वास होता. ओल्या मातीत एक रात्र पडला की तो गेला असता.

मी परत फिरले आणि कोट खुंटीला लावला. मग थेक्लाला सांगितलं, कुत्री चोरली. चोरीला गेलेल्या कुत्रीसाठी कोट टाकावा लागत नाही ना. तू चोर ठरलास ते मला सोयीचं होतं, अलॉइस. ती तीन दिवस अंधारात होती आणि मी जीपचे हिशेब करत होते. लाज वाटते.

झेन्झी बरी आहे. नाकावर ओरखडा आहे, कणा शाबूत आहे. तुझ्या कोटावरून उठत नाही, मी ओढला तर गुरगुरते. तो काही आता तुला मिळत नाही.

म्हणून पत्रासोबत पार्सल आहे. वेंडेलिनचा आहे, खांद्यात थोडा घट्ट होईल. शनिवारी तिला रानात न्यायला ये, आणि येताना तो घालून ये. पाऊस असला तरी.

रविवारीच जिनं तो द्यायला हवा होता, ती तुझी बहीण,
बुर्गी